दहा घरांच्या सह्या
श्रमिकांच्या सहकारी संस्थेचा इतिहास आणि खानदेशातील वेब डेव्हलपर

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून जाहीर केले. २०१२ नंतर सहकाराला हा मान दुसऱ्यांदा मिळाला. त्या निमित्ताने जळगाव-धुळ्याच्या वाचकांपुढे एका संस्थेचा इतिहास ठेवायचा, तर कोणत्या संस्थेचा ठेवावा? जिल्हा बँका, साखर कारखाने, सूतगिरण्या, दूध संघ, केळीच्या फ्रूटसेल सोसायट्या यांच्याविषयी आपल्याकडे बोलले जाते, लिहिले जाते. या साऱ्या संस्थांच्या सभासदाजवळ आधीपासून काहीतरी होते: जमीन, जनावर, पीक किंवा बँकेतली ठेव. ज्याच्याजवळ विकायला फक्त स्वतःचे श्रम आणि हातातली कला, त्याचीही सहकारी संस्था असते. कायद्याच्या भाषेत ती कधी मजूर संस्था असते, कधी जंगल कामगार संस्था, कधी सेवा सहकारी संस्था. नावे वेगळी, गाभा एक: काम करणारा तोच मालक. या लेखात इतिहास सांगायचा आहे तो या संस्थेचा.

आजच सांगण्याचे कारण आपल्या गल्लीत आहे. जळगावात, धुळ्यात, अमळनेर-शिरपुरात वरच्या मजल्यावरच्या खोलीत लॅपटॉप मांडून वेबसाइट बनवणारी मुले-मुली आता नवी राहिलेली नाहीत. त्यांतले कित्येक जण पुण्या-मुंबईच्या एजन्सीचे काम करतात. एजन्सीने ग्राहकाकडून काम किती रुपयांना घेतले, हे त्यांना कळत नाही. साइट लाइव्ह झाली की शेवटचा हप्ता अडकतो. आजारी पडले की काम थांबते, आणि कामाबरोबर घरातली आवकही. मोठा ग्राहक विचारतो, "तुमची फर्म कुठली? मागच्या तीन वर्षांचा ताळेबंद दाखवा." कौशल्य असूनही तो दरवाजा बंद राहतो. यातल्या प्रत्येक अडचणीला खानदेशात आणि महाराष्ट्रात कुणीतरी आधी तोंड दिलेले आहे. ती माणसे संगणकावर बसलेली नव्हती, एवढाच फरक.

कायद्याचा दरवाजा

इंग्लंडमधील रॉचडेल गावच्या २८ कामगारांनी २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेन या रस्त्यावर एक लहान दुकान उघडले. लोणी, साखर, गव्हाचे आणि ओटचे पीठ, मेणबत्त्या, एवढाच माल. त्यांनी ठरवलेले नियम मात्र आजही जगभरच्या उपविधींत दिसतात: एका सभासदाला एकच मत, खरे माप, शुद्ध माल, आणि नफ्याची वाटणी व्यवहाराच्या प्रमाणात.

हिंदुस्थानात सहकार आला तो कर्जाच्या वाटेने. १८७५ साली पुणे आणि नगर भागात सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला होता. सरकारपुढचा प्रश्न कर्जाचा होता, म्हणून १९०४ चा पहिला कायदाही पतपुरवठ्यापुरताच झाला. कर्जाव्यतिरिक्त इतर कामांसाठी संस्था नोंदवण्याची सोय १९१२ च्या कायद्याने केली. १९२५ मध्ये मुंबई प्रांताने स्वतःचा कायदा केला. पुढे १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आला आणि २६ जानेवारी १९६२ पासून तो अमलात आहे. श्रमिकांची संस्था या दरवाजातून आत आली, पण उशिरा. मजुराजवळ तारण नव्हते, आणि त्या काळी तारणावाचून सहकाराची कल्पना कुणाला पटकन सुचत नव्हती.

सातपुड्यातला कूप

१९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव. पश्चिम खानदेश म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार. नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी वेगळा जिल्हा झाला. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, शिरपूर या पट्ट्यात सातपुड्याचे आणि पश्चिमेकडच्या डोंगरांचे जंगल. त्या जंगलात भिल्ल, पावरा, मावची, कोकणा समाजांची माणसे झाडे तोडत, लाकूड वाहत, थप्प्या लावत. तोडीसाठी आखून दिलेल्या जंगलाच्या तुकड्याला कूप म्हणतात. ठेकेदार लिलावात कूप घेई, मजुरांना उचल देई आणि हिशेब आपल्याच वहीत ठेवी. झाड कोणते, कसे आणि किती उंचीवर तोडायचे, हे मजुराला ठेकेदारापेक्षा चांगले कळे. तरी मजुरी ठरवण्यात त्याला तोंड नव्हते.

मुंबई प्रांताच्या सरकारने १९३० च्या दशकाच्या अखेरीस सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडून आदिवासी भागांची पाहणी करून घेतली. सावकार, वेठ आणि ठेकेदार यांच्या कचाट्याचे वर्णन त्या अहवालात आहे. बाळासाहेब खेर १९४६ मध्ये दुसऱ्यांदा प्रांताचे मुख्यमंत्री झाले, आणि १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या. ठाणे, सुरत, पश्चिम खानदेश अशा जिल्ह्यांत वनखात्याने कूप थेट या संस्थांना द्यायला सुरुवात केली. तोड, वाहतूक, थप्पी आणि विक्री हे सगळे संस्थेच्या नावाने होऊ लागले. संस्थेची वही लिहायला आणि सरकारदरबारी बोलायला आदिवासींमध्ये काम करणारे सेवाभावी कार्यकर्ते पाठीशी उभे राहिले. खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यात सरकारचा आणि संस्थेचा वाटा ठरलेला असे.

या घटनेचे मोल आपण खानदेशी माणसांनी ओळखायला हवे. ज्या हातांनी झाड तोडले, त्याच हातांच्या संस्थेच्या नावाने लाकडाचा लिलाव पुकारला जाऊ लागला. कामाची रीत तीच राहिली, कुऱ्हाडही तीच राहिली. बदल झाला तो ठेकेदाराच्या जागेचा: ती जागा मजुरांच्या संस्थेने घेतली.

या संस्थांच्या पुढच्या वाटचालीत दोन दुखणी दिसतात. पहिले वहीचे. सभासदांपैकी फार थोड्यांना जमाखर्च वाचता येत होता. मदतीला आलेला कार्यकर्ता सज्जन असला तरी संस्था त्याच्या सहीवर चाले. तो गेला की ती डळमळे. दुसरे एकाच दाराचे. काम देणारे खाते एकच, वनखाते. १९८० चा वनसंवर्धन कायदा आला, १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने जंगल राखण्याला तोडीच्या वर स्थान दिले. जंगलासाठी ते योग्यच झाले. पण ज्या संस्थांनी दुसरे काम शोधले नव्हते, त्यांच्या हातातली कामे आटत गेली.

नावाला मजूर, आत ठेकेदार

रस्ते, बंधारे, इमारती यांच्या सरकारी कामांसाठी मजूर सहकारी संस्था निघाल्या आणि काही मर्यादेपर्यंतची कामे त्यांना निविदेशिवाय देण्याची सवलत मिळाली. पुढे सुशिक्षित बेरोजगारांच्या सेवा सहकारी संस्थांनाही अशीच सवलत मिळाली. या सवलतींमागचा हेतू चांगला होता आणि काही संस्थांनी प्रामाणिकपणे काम केले. पण राज्यभर जी तक्रार वारंवार ऐकू आली ती खरी आहे: कागदावर मजूर, प्रत्यक्षात ठेकेदार. सभासद यादीपुरते, सभा रजिस्टरपुरती, आणि चेकबुक एकाच खिशात.

हे दुखणे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण डेव्हलपरांच्या संस्थेलाही हाच धोका पहिल्या दिवसापासून राहील. ज्याच्या ओळखीने कामे येतात तो हळूहळू मालक होतो आणि बाकीचे त्याचे नोकर. नोंदणीच्या प्रमाणपत्राने हे थांबत नाही. सभासदांनी आपसांत घातलेल्या नियमांनी आणि ते पाळण्याच्या सवयीने थांबते.

पापडाची लाटी

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात बायका एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये. हा लिज्जत पापडाचा आरंभ. सामाजिक कार्यकर्ते छगनलाल करमसी पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी त्यांना दोन गोष्टी बजावल्या: माल कधी हलका करायचा नाही, आणि हिशेब धंद्यासारखा चोख ठेवायचा. दान घ्यायचे नाही. १९६६ मध्ये संस्था नोंदली गेली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. कायद्याने ही सहकारी संस्था नाही, सोसायटी आहे. पण तिचा व्यवहार सहकाराचा आहे. प्रत्येक सभासद 'बहीण', प्रत्येक बहीण मालक, नफा-तोटा सगळ्यांचा.

वेब डेव्हलपरांनी इथे बारकाईने पाहावे अशी गोष्ट म्हणजे तिची कामाची पद्धत. पीठ एका ठिकाणी मळले जाते. बहिणी सकाळी केंद्रावर येऊन मळलेले पीठ घेतात, घरी जाऊन लाटतात आणि दुसऱ्या दिवशी तयार पापड परत आणतात. केंद्रावर वजन होते, तपासणी होते, लाटणावळ मिळते. माल एका दर्जाचा राहतो, कारण मळणे आणि तपासणे सामायिक आहे. कामाची वेळ आणि जागा मात्र ज्याची त्याची. घरून काम ही कल्पना आपल्याला नवी वाटते. खानदेशातल्या बायका उन्हाळ्यात एकमेकींच्या ओट्यावर बसून आज हिचे, उद्या तिचे असे पापड-कुरडया करून देतात, त्या रिवाजाचेच हे मोठे रूप आहे. मेहनत आपापल्या हाताची, दर्जा सगळ्यांचा.

पुण्याची 'स्वच्छ'

रस्त्यावरचा कागद, काच, पत्रा वेचून भंगारवाल्याला विकणाऱ्या बायका कुणाच्याही नोकर नव्हत्या. आजच्या शब्दांत सांगायचे तर त्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या होत्या. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. डॉ. बाबा आढाव यांचा आधार होता आणि पूर्णिमा चिकरमाने व लक्ष्मी नारायण यांनी संघटनेची बांधणी केली. पंचायतीने पहिल्यांदा मागितली ती ओळख. पुणे महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रे बायकांच्या गळ्यात आली, तेव्हा चोर समजून हटकले जाण्यापासून त्यांची बऱ्याच अंशी सुटका झाली.

२००० च्या घनकचरा नियमांनी घरोघरी कचरा गोळा करणे शहरांना बंधनकारक केले. पालिकेने हे काम यंत्रे आणि ठेकेदारांकडे दिले असते, तर कचरावेचकांच्या हातातला कचराच गेला असता. म्हणून त्यांनी स्वतःची 'स्वच्छ' ही सेवा सहकारी संस्था उभी केली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार केला. घरटी शुल्क थेट कामकरी बाईला, विकता येण्याजोग्या कचऱ्याचे उत्पन्न तिचेच, आणि पालिकेशी बोलणी संस्थेमार्फत.

यातला क्रम ध्यानात घ्यावा. आधी पंधरा वर्षे संघटना, मग सहकारी संस्था. एकमेकींवर विश्वास बसला, भांडणे झाली आणि मिटली, हिशेब मांडायची सवय लागली. नोंदणी त्यानंतर आली. नोंदणी आधी आणि माणसे नंतर, अशा क्रमाने निघालेल्या संस्थांचे काय होते ते मजूर संस्थांच्या प्रकरणात आलेच आहे.

सहा आण्यांपासून सायबरपार्कपर्यंत

मजुरांची संस्था सॉफ्टवेअरपर्यंत पोचू शकते का, याचे उत्तर केरळात आहे. उत्तर मलबारात वडकरा गावाजवळ उरलुंगल येथे समाजसुधारक वाग्भटानंद यांच्या आत्मविद्या संघात सामील झालेल्या मजुरांना गावच्या जमीनदारांनी काम देणे थांबवले. कारण त्यांनी जातिभेद मानायचे नाकारले होते. १९२५ मध्ये १४ जणांनी मिळून मजुरांची सहकारी संस्था काढली. भांडवल होते सहा आणे, म्हणजे आजचे ३७ पैसे. छोटी सरकारी कामे घेत घेत संस्था रस्ते आणि पूल बांधू लागली. आज ती उरलुंगल लेबर कॉन्ट्रॅक्ट को-ऑपरेटिव्ह सोसायटी म्हणून देशात ओळखली जाते आणि तिचे संचालक काम करणाऱ्या सभासदांतूनच येतात. या संस्थेने सॉफ्टवेअरची कामे सुरू केली आणि २०१६ मध्ये कोझिकोडला यूएल सायबरपार्क उभारला. मजुरांच्या पोरांना माहिती तंत्रज्ञानात काम मिळावे, आणि तेही गावाजवळ, हा त्यामागचा विचार.

शंभर वर्षे ही संस्था टिकली, याचे श्रेय केवळ सरकारी कामांना देता येत नाही. तशी कामे इतर शेकडो मजूर संस्थांनाही मिळाली. फरक असा की इथे नफ्यातला मोठा हिस्सा यंत्रसामग्रीत आणि राखीव निधीत जात राहिला, कामावरचा म्होरक्या सभासदांतलाच असे, आणि एक क्षेत्र मंदावले की दुसऱ्यात पाऊल टाकण्याची तयारी होती. सातपुड्यातल्या संस्थांना जे साधले नाही, नेमके ते इथे साधले.

कोड लिहिणाऱ्यांच्या संस्था

वेब डेव्हलपरांच्या सहकारी संस्था जगात आता अनेक आहेत. अर्जेंटिनाच्या ब्युनोस आयर्समधली जीकूप ही मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणारी संस्था २००७ पासूनची. तिथल्या तंत्रज्ञान सहकारी संस्थांनी आपसांत महासंघही केला आहे. मोठे काम आले की ते दोन-तीन संस्था वाटून घेतात. ब्रिटनमध्ये २०१६ मध्ये अशा संस्थांचे कोटेक नावाचे जाळे तयार झाले. आपल्या देशात बेंगळुरूची निलेन्सो ही सॉफ्टवेअर कंपनी २०१३ पासून काम करणाऱ्यांच्याच मालकीची आहे. तिने मर्यादित दायित्व भागीदारीचे, म्हणजे एलएलपीचे, रूप घेतले आणि कारभार सहकाराच्या तत्त्वावर ठेवला.

या क्षेत्राला सहकार परका नाही. आज असंख्य वेबसाइट ज्या वर्डप्रेसवर चालतात, तो २००३ पासून अनेकांनी मिळून लिहिलेला आणि सर्वांना खुला असलेला कोड आहे. ज्याला अडचण येते तो विचारतो, ज्याला उत्तर येते तो देतो. ज्ञानाचा असा सहकार आपली मुले रोज करतात. कमाईचा सहकार करायचा राहिला आहे.

खानदेशातील आजची स्थिती

पूर्वी शिकलेला मुलगा मुंबई-पुण्याला जाई, कारण शिक्षणही तिकडेच होते. आता तसे नाही. बांभोरीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ चे, जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ चे. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. शिरपूर आणि धुळ्यातही तंत्रशिक्षणाची सोय आहे. शिकलेली माणसे इथे आहेत.

ग्राहकही इथेच आहेत. जळगावची सोन्याची पेढी, डाळ मिल, चटईचे आणि पाइपचे कारखाने, रावेर-यावलचे केळीचे व्यापारी, दोंडाईचा-नंदुरबारची मिरची, शाळा, रुग्णालये, पतसंस्था, ग्रामपंचायती. या सगळ्यांना वेबसाइट हवी आहे, मराठीत चालणारी हवी आहे, आणि बिघडली तर फोन उचलणारा माणूस हवा आहे. साइट एकदा बनवून देणे हे अर्धेच काम. डोमेनचे नूतनीकरण, होस्टिंग, बॅकअप, सुरक्षिततेची अद्ययावतता हे वर्षानुवर्षांचे काम असते. एकट्या डेव्हलपरला नोकरी लागली की त्याची जुनी साइट निराधार होते, पासवर्डसुद्धा सापडत नाही. संस्थेकडून साइट करून घेतली, तर एक सभासद गेला तरी दुसरा तिची जबाबदारी उचलतो. ग्राहकाला संस्था का हवी, याचे यापेक्षा मोठे कारण शोधायला नको.

संस्थेची मांडणी

१९६० च्या अधिनियमानुसार प्राथमिक संस्था नोंदवायला किमान दहा व्यक्ती लागतात. त्या संस्थेच्या कार्यक्षेत्रात राहणाऱ्या आणि प्रत्येकी वेगळ्या कुटुंबातल्या असाव्या लागतात. जळगाव आणि धुळे असे दोन जिल्ह्यांचे कार्यक्षेत्र घेता येते. दोन्ही जिल्हे सहकार खात्याच्या नाशिक विभागात येतात आणि दोन्ही महाराष्ट्रातच असल्याने बहुराज्य संस्थेच्या कायद्याकडे जाण्याची गरज नाही.

भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा दरवर्षी राखीव निधीत टाकावा लागतो. भागावरचा लाभांश १५ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, लेखापरीक्षण दरवर्षी करावे लागते. तरुणांना हे नियम जाचक वाटू शकतात. सातपुड्यातल्या आणि मजूर संस्थांच्या अनुभवानंतर पाहिले, तर हे सगळे ठेकेदाराला पुन्हा आत येऊ न देण्याचे बांध आहेत.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात सभासदांच्या श्रमांची सामूहिक विक्री करणाऱ्या सहकारी संस्थांना त्या उत्पन्नावर वजावटीची तरतूद केली गेली. तिची अट वाचण्याजोगी आहे: मताचा हक्क प्रत्यक्ष श्रम करणारे सभासद, संस्थेला कर्ज देणाऱ्या सहकारी पतसंस्था आणि राज्य सरकार, एवढ्यांपुरताच असावा. मत ज्याचे हात कामाला लागतात त्याचे, हे तत्त्व करकायद्यातसुद्धा आले. संगणकावरचे काम या तरतुदीत कसे बसवायचे, आणि नव्या प्राप्तिकर कायद्यात तिचे रूप काय, यासाठी मात्र पहिल्याच महिन्यात जाणत्या सनदी लेखापालाकडे बसावे.

दोन व्यावहारिक गोष्टी आणखी. सेवांसाठी वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि माहिती तंत्रज्ञान सेवांवर दर १८ टक्के आहे. एकेकट्याची उलाढाल या मर्यादेच्या आत राहते, संस्थेची एकत्रित उलाढाल लवकर बाहेर जाते. छोट्या शाळेला किंवा दुकानदाराला हे १८ टक्के जड जातात. कोटेशन देताना हा हिशेब आधीच मांडलेला असावा. दुसरी गोष्ट थकलेल्या पैशाची. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्यात सहकारी संस्थाही येतात. उद्यम नोंदणी असेल, तर ग्राहकाला ४५ दिवसांच्या आत पैसे देणे बंधनकारक होते आणि उशीर झाल्यास व्याज मागता येते. एकटा मुलगा ग्राहकाला हे ऐकवताना बिचकतो, कारण पुढचे काम जाण्याची भीती असते. संस्थेच्या लेटरहेडवरचे पत्र तेच काम शांतपणे करते.

ज्यांना दहा माणसे जमत नाहीत, त्यांनी दोघा-चौघांची एलएलपी करून भागीदारीच्या करारातच एक माणूस एक मत हा नियम घालावा. निलेन्सोची वाट तीच आहे. उत्पादक कंपनीचा मार्ग शेतीमाल आणि हस्तव्यवसाय यांच्यासाठी आहे, डेव्हलपरांसाठी तो सोयीचा नाही.

आतल्या वाटणीचा प्रश्न कायदा सोडवून देत नाही. तिथे लिज्जतची रीत उपयोगी पडेल. समजा, कामाचे १०० रुपये आले. त्यातले ७० प्रत्यक्ष काम करणाऱ्याला, १० तपासणाऱ्याला, १० कार्यालय, होस्टिंग आणि हिशेबाला, १० अडचणीच्या निधीत. आकडे सभेने बदलावेत, पण एकदा ठरले की सर्वांना सारखे लागू व्हावेत. काम आणणाऱ्याला मोबदला द्यावा, मालकी देऊ नये. कामाच्या पाळीचे रजिस्टर असावे, म्हणजे नवख्या मुलीलाही तिच्या वाट्याचे काम मिळेल. आणि जमाखर्च दर महिन्याला प्रत्येक सभासदाला उघडून पाहता आला पाहिजे. जंगल कामगारांना वही वाचता येत नव्हती. ज्यांना प्रोग्रामच्या हजार ओळी वाचता येतात, त्यांनी आपल्याच संस्थेचा ताळेबंद दुसऱ्यावर सोपवून मोकळे होऊ नये.

पुढचे पान

या इतिहासात ज्या संस्था टिकल्या, त्यांच्याजवळ फार भांडवल नव्हते: ८० रुपये उसने, सहा आणे, रस्त्यावरचा कचरा. आणि ज्या कोसळल्या त्यांतल्या कित्येक संस्थांकडे सरकारची सवलत, कार्यालय, गाडी असे सगळे होते. टिकलेल्यांजवळ होती सर्वांसमोर उघडी राहणारी वही, आणि एकमेकांचे काम तपासून घेण्यात कमीपणा न मानणारी माणसे.

जळगाव-धुळ्याच्या डेव्हलपरांनी लगेच नोंदणी कार्यालयात जाण्याची घाई करू नये. 'स्वच्छ'च्या बायकांसारखे आधी एकत्र यावे. वर्षभर दोन-तीन कामे मिळून करावीत. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासावा. मिळालेल्या पैशांची वाटणी सर्वांसमोर लिहून काढावी. भांडण झाले तर ते कसे मिटले, तेही लिहून ठेवावे. संस्थेचे उपविधी याच नोंदींतून तयार होतील, आणि ते कुणाच्या छापील नमुन्यापेक्षा अधिक टिकतील.

मग एके दिवशी दहा घरांतली दहा माणसे अर्जावर सह्या करतील. अक्राणीच्या डोंगरात ज्या मजुराने संस्थेच्या कागदावर पहिल्यांदा अंगठा उठवला, त्याला लाकडाच्या लिलावाचे सगळे गणित कळत नसेल. कूप आता आपल्या नावावर आहे, एवढे त्याला नक्की कळले असेल. त्या अंगठ्याची जागा आता सहीने घ्यायची आहे.